म्हावरा आला का?

रेवदंड्याच्या एसटी स्टँडजवळ एक बेकरी आहे. आत शिरलं की आधी गरम डालड्याचा आणि खारीचा वास येतो, मग डोळ्यांना अंधार सरावतो आणि मग काचेमागचे मावा केक दिसतात. एप्रिलमधली दुपार होती. भाचा माझं बोट धरून घरापासून स्टँडपर्यंत सगळ्या रस्त्याने ‘तेत, तेत’ करत आला होता, म्हणजे केक. बेकरीवाले काका काउंटरवरून वाकले, म्हणाले, काय पायजे बाला? तो म्हणाला, ‘तेत.’ काय? ‘तेत.’ काका स्वभावाने चांगले, हसले नाहीत की वैतागले नाहीत, फक्त कान जरा पुढे केला. आमच्या मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. तेव्हा भाच्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. सेकंदभरच. माझ्या तोंडावर त्या वेळी काय होतं ते मला माहीत नाही, पण त्याने ते वाचलं, परत काउंटरकडे वळला आणि अगदी खणखणीत म्हणाला, ‘पाव.’ काकांनी पाव दिला, त्याने पिशवी छातीशी धरली, आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

केक हवा होता त्याला.

ते पावाचं प्रकरण माझ्या डोक्यातून जाईना. आम्हाला घरात सगळ्यांना ठाऊक होतं की त्याला क आणि ग येत नाही, क चा त होतो आणि ग चा द. काकाला ताता, गायीला दाय, खिडकीला थिडती. पाच वर्षं पूर्ण होऊन वर सहा महिने झाले होते. पण त्या दिवसापासून मी त्याच्या बोलण्याकडे कान देऊन ऐकायला लागले आणि जे लक्षात आलं त्याने पोटात तुटलं. तो कुत्र्याला अजून भूभू म्हणायचा, गाडीला पींपीं म्हणायचा, आणि आम्हाला वाटायचं लाडावलाय, लहान बाळासारखं बोलतोय. बापाच्या होडीचं नाव एकवीरा, गावात सगळे तिला एकवीराच म्हणतात, हा एकटाच ‘आपली होरी’ म्हणायचा. लाडावलेला वगैरे काही नव्हता तो. ज्या वाटेवर काटा आहे ती वाट तो सोडून देत होता, आणि इतक्या शिताफीने की आम्हा मोठ्यांना वाटच बदललेली कळत नव्हती. मला हाक मारताना मात्र कधी अडला नाही, कारण आत्या या शब्दात त आहे. माझ्याशी तो सगळ्यात जास्त बोलतो याचं मला फार कौतुक वाटायचं.

आणि माझा तो चेहरा. आदल्या वर्षी नारळी पौर्णिमेला सगळ्या बायका नटूनथटून बंदरावर जमल्या होत्या, कुणीतरी याला मधे उभं केलं, बोल रे बाला, एकवीरा बोल. तो ‘एतवीरा’ म्हणाला आणि हशा झाला. प्रेमाचाच हशा होता, कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं. परत बोल, परत बोल. तीन-चार फोन वर झाले. ती क्लिप आमच्या घरच्या ग्रुपवर फिरली, मीसुद्धा पुढे पाठवली. आता ती क्लिप बघते तेव्हा दिसतं की तिसऱ्यांदा बोलताना तो कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, तो एकेका बाईच्या तोंडाकडे बघतोय. आपण हसतोय की ओठ दाबतोय की भुवया वर करतोय. आपण बरोबर बोललो का, हे त्याला कळायला दुसरी जागाच नव्हती, कारण स्वतःच्या कानाला त्याचा त हा क सारखाच वाटत असणार. त्याचा आरसा म्हणजे आमची तोंडं.

हे मला इतकं लागायचं कारण म्हणजे मी पण तोंडं वाचूनच मोठी झाले. आम्ही कोळी, आमच्या घरात ळ नाही. डोला, काला, होली, नारल. पाणी पण पानी. पाचवीत अलिबागच्या शाळेत घातलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात धडा वाचायला उभी केली आणि मी ‘फला काला’ वाचलं. बाई काही बोलल्या नाहीत. नुसती एक भुवई वर गेली आणि मग वर्गात खसखस पिकली. त्या भुवईचा आकार मला आजही काढून दाखवता येईल. त्यानंतर कित्येक महिने मी घरी मोरीतल्या आरशासमोर उभी राहून ळ ळ ळ करायचे, आरशावर वाफ धरायची, पण जीभ आत कुठे वळते ते काही दिसायचं नाही, ळ आरशात दिसत नाही. कधी आणि कसा जमला ते आठवत नाही. आज पतसंस्थेच्या काउंटरवर बसून मी ‘शिल्लक कळवते’ म्हणते तेव्हा कुणाला शंका येत नाही, आणि संध्याकाळी घराचा उंबरा ओलांडला की जीभ आपोआप सरळ होते. आई एकदा म्हणाली होती, तू तं शेरातल्यासारखी बोलाला लागलीस. आनंदाने म्हणाली की दुःखाने, मला तेव्हाही कळलं नव्हतं.

घरात डॉक्टरचा विषय काढला तर आईचं ठरलेलं, याचा बापूस पन लानपनी बोबडाच होता, झाला ना बरा? तिने वेखंड उगाळून मधातून चाटवून झालं होतं. वहिनी पहाटे टोपली घेऊन बाजारात जाते ती दुपारी येते, तिला वेळ कुठला. शेवटी जून उजाडला, मासेमारी बंदी लागली, होड्या वर ओढून ताडपत्रीखाली गेल्या, भाऊ मोकळा झाला, आणि मंगळवार-शुक्रवार आम्ही तिघं पावसातून अलिबागच्या एसटीत बसायला लागलो. चौल, नागाव, आक्षी, दोन्ही बाजूंना वाड्या, सुपारीची चिंब झाडं, एसटीच्या खिडकीतून आत येणारं पाणी. पनवेलहून आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या एक स्पीच थेरपिस्ट मॅडम, एका दवाखान्याच्या वर त्यांची खोली. पहिल्या दिवशी त्यांनी बोलण्याचं काहीच घेतलं नाही, आधी कान तपासले, हेडफोन लावून बारीक बारीक आवाज, ऐकू आला की मणी डब्यात टाकायचा. कान ठीक निघाले. मग जीभ बाहेर, जीभ वर, जीभ डावीकडे. जीभ पण ठीक. म्हणाल्या, क च्या जागी त येणं हे लहान मुलांत नेहमीचं असतं, बहुतेकांचं साडेतीन-चार वर्षांपर्यंत आपोआप जातं, याचं राहिलंय, एवढंच. मी विचारलं की हा ऐकत नाही का नीट, लक्ष देत नाही का. त्या म्हणाल्या, नाही हो, हा फार शिस्तीत चुकतोय. आणि भिंतीवरच्या मुळाक्षरांच्या तक्त्याकडे मला घेऊन गेल्या.

त्या तक्त्यासमोरची पाच मिनिटं मी कधी विसरणार नाही. आपण सगळ्यांनी क ख ग घ पाठ केलंय, पण मॅडमनी बोट ठेवून दाखवलं की हा तक्ता म्हणजे तोंडाचा नकाशा आहे. पहिली रांग घशाकडची, जिभेचा मागचा भाग वर टाळ्याला लागतो. मग च ची रांग थोडी पुढे, ट ची रांग टाळूला जीभ वळवून, त ची रांग दातांवर, प ची रांग ओठांवर. मागून पुढे पाच पायऱ्या. हे ज्यांनी बसवलं त्यांनी हजारो वर्षांपूर्वी, कुठलंही यंत्र हातात नसताना, स्वतःच्या तोंडात लक्ष घालून बसवलं. आता हा काय करतो बघा, मॅडम म्हणाल्या. क चा त, ख चा थ, ग चा द, घ चा ध. घराला धर म्हणतो ना? म्हटलं हो. म्हणजे प्रत्येक वेळी पहिल्या रांगेतून उचलून चौथ्या रांगेत, पण खाना तोच, पहिल्याचा पहिला, दुसऱ्याचा दुसरा, आवाजाचा जोर, घोष, सगळं शाबूत. एक सुद्धा उडी वाकडी नाही. मी त्या तक्त्याकडे बघत राहिले. इतके दिवस ज्याला आम्ही बोबडं बोबडं म्हणून हसत होतो त्यात असा नियम होता. आणि मग त्याच तक्त्यात माझी नजर ण वर गेली आणि तिथून खाली न वर आली. तिसऱ्या रांगेतून चौथ्या रांगेत, खाना तोच. पाणी, पानी. म्हणजे आमचा सगळा कोळीवाडा तेच करतो जे हा करतो. तो एकटा करतो म्हणून तो दोष ठरला, आम्ही सगळे करतो म्हणून ती आमची बोली.

मी तेव्हा काही बोलले नाही.

क ची खोड अशी की तो मागे होतो, तोंडाच्या अंधारात. प म्हणताना ओठ दिसतात, त म्हणताना जिभेचं टोक दिसतं, पोरं आपल्या तोंडाकडे बघून शिकतात, पण क बघायला मिळत नाही. मॅडमनी आधी साध्या गोष्टी केल्या. गुळण्या करायला लावल्या, कारण गुळणीत जीभ मागेच राहते. चमच्याने जिभेचं टोक हलकेच खाली दाबून धरलं. गादीवर उताणं झोपवलं, म्हणजे जीभ आपल्या वजनाने मागे पडते, आणि फोनचा पुढचा कॅमेरा चालू करून त्याच्या तोंडासमोर धरला, मी बाजूने बॅटरी मारली. त्याला स्वतःच्या तोंडाचं आतलं पहिल्यांदा दिसलं. पडजीभ बघून हसायलाच लागला. मग तसंच उताणं पडून, आ वासून, ‘नाक’ म्हण. ‘नात.’ ‘नात.’ आणि मग एकदम, घशातून खडा निसटावा तसा, ‘नाक’. भावाने माझ्याकडे बघितलं, मी भावाकडे. पोराने आम्हा दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढचे दहा वेळा परत ‘नात’. मॅडम आम्हाला हळूच म्हणाल्या, तुम्ही दोघं जरा त्या बाकावर मागे बसाल का.

पुढच्या शुक्रवारी लॅपटॉप आला. त्यात प्रात नावाचा एक प्रोग्राम, आम्सटरडॅम विद्यापीठातल्या दोन भाषाशास्त्रज्ञांनी केलेला, कुणालाही फुकट मिळतो. माईकमध्ये बोललं की पडद्यावर आवाजाचं चित्र उमटतं, डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर आवाजाची पट्टी, आणि जिथे जोर जास्त तिथे काळं गडद. आमच्यासारख्याला आधी ते नुसतं पावसात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखं दिसतं. मग डोळा बसतो. मॅडम ‘ता’ म्हणाल्या, तर आ सुरू व्हायच्या आधी एक बारीक उभी रेघ, वरपर्यंत पसरलेली. ‘का’ म्हणाल्या, तर त्याच जागी मधल्या पट्टीत साचलेला एक जाडसर ठिपका, आणि आ यायला किंचित उशीर. भाच्याने दोन्हीकडे नीट बघितलं. त्या रेघेवर बोट ठेवून म्हणाला, हा दोरा. आणि त्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाला, हा म्हावरा, म्हणजे मासा.

झालं, तेव्हापासून तो म्हावराच. तो माईकमध्ये बोलायचा, मॅडम बटण दाबायच्या आणि दोघं मिळून पडद्यावर म्हावरा शोधायचे. बहुतेक वेळा नसायचाच. आणि तेव्हा तो काय म्हणायचा माहितीये? ‘म्हावरा नाय आला.’ अगदी त्याच्या आजोबांच्या सुरात. मी मागच्या बाकावर बसून ते ऐकलं आणि डोळे भरून आले. कोळ्याच्या घरात म्हावरा नाय आला हे वाक्य रोज संध्याकाळी कुणी ना कुणी म्हणतं, त्यात कुणाला दोष नसतो. वारा नव्हता, पाणी गढूळ होतं, भरती चुकली, नशीब नव्हतं. जाळं रिकामं आलं म्हणून कुणी बापाकडे भुवई वर करून बघत नाही. जाळं धुवायचं, वाळवायचं आणि पहाटे परत टाकायचं. पोराने ती सगळी रीत त्या पडद्याला लावून टाकली. ‘परत टात,’ म्हणायचा मॅडमना, म्हणजे परत रेकॉर्ड करा. अर्ध्या तासात चाळीस-पन्नास वेळा क म्हणायचा प्रयत्न करायचा, जो घरी आमच्यासमोर दोनदा पण करत नव्हता. पडद्याला तोंड नाही. तो खूश होत नाही, ओशाळत नाही, त्याला पोराची कीव येत नाही. मी त्याच्यावर इतकं प्रेम करते आणि नेमकी तीच गोष्ट मला देता येत नव्हती.

भाऊ पहिले काही दिवस गप्प बसायचा, त्याला हे सगळं बायकांचं काम वाटत असावं. त्या दिवशी मॅडमनी त्याला जवळ बोलावून एक व्हिडिओ दाखवला, ग्लासगो विद्यापीठाच्या एका वेबसाईटवरचा. हनुवटीखाली सोनोग्राफीचा प्रोब लावलेला आणि पडद्यावर राखाडी अंधारात एक पांढरी वळणदार रेघ, ती म्हणजे बोलणाऱ्या माणसाची जीभ. त म्हणताना रेघेचं पुढचं टोक उचलतं, क म्हणताना पाठ उचलते, लाट फुटायच्या आधी उचलते ना, तशी. भावाने फोन हातातच घेतला. ‘अगं, ये तं आपलं फिश फाइंडर हाय!’ आणि मग तो जो सुटला. त्याच्या होडीवर फिश फाइंडर बसवल्याला तीन वर्षं झाली, ५० आणि २०० किलोहर्ट्झ, खोल पाण्याला कुठली आणि उथळाला कुठली, तळ कसा जाड दिसतो, चिखल आणि खडक कसा ओळखायचा, सगळं तो मॅडमना सांगायला लागला. पाण्यात आवाज सोडायचा आणि परत येईल त्याचं चित्र करायचं. मॅडम म्हणाल्या, अगदी तसंच, फक्त याची पट्टी खूपच वरची. आवाज हनुवटीतून मांसातून वर जातो, जिभेच्या पाठीवर पोचतो, त्यापुढे हवा लागते, आणि हवेवर आपटून जवळजवळ सगळाच परत फिरतो, म्हणून ती रेघ एवढी पांढरी. भाऊ म्हणाला, माशाच्या पोटातल्या फुग्यात पण हवाच असते, म्हणून तर तो दिसतो. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले, आपल्याला समोरच्याचं काम कळतंय या आनंदात.

भावाने लगेच विचारलं, मग ते मशीन इथे का नाही, मी बघतो पैशाचं. मॅडम म्हणाल्या, प्रश्न फक्त पैशाचा नाहीये. सोनोग्राफीचं यंत्र म्हटलं की आपल्याकडे १९९४ चा गर्भलिंग निदानाचा कायदा येतो, यंत्राची नोंदणी, जागेची नोंदणी, कोण वापरणार त्याची नोंदणी, ते भाज्यांच्या चित्रांच्या डब्याशेजारी टेबलावर ठेवून देता येत नाही. भाऊ गप्प झाला. मला तो बोर्ड आठवला, ‘येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही’, वहिनीला घेऊन सहा वर्षांपूर्वी मी त्याच बोर्डाखालच्या खुर्चीवर बसले होते. तो कायदा का करावा लागला हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे आणि तो हवाच, मला त्यात जराही किंतु नाही. पण ज्या पोराला आम्ही पहिल्यांदा त्याच राखाडी अंधारात बघितलं, हलताना, मूठ तोंडाजवळ नेताना, त्याचीच जीभ बघायला तोच पडदा मिळू नये याची हुरहूर वाटली. एडिंबऱ्याकडे मुलांच्या थेरपीत हे वापरतात म्हणे, पोर स्वतःची जीभ पडद्यावर बघत बघत ती हलवायला शिकतं. भाऊ घरी येताना एसटीत म्हणाला, बंदी उठू दे, याला होडीवर नेतो, तळ दाखवतो.

या सगळ्यामागे कोण आहे म्हणून मी रात्री फोनवर वाचत बसायला लागले, बाहेर धो धो पाऊस, लाईट जाऊन येऊन. टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल, त्याचे वडील मेलव्हिल बेल, त्यांनी १८६७ मध्ये एक लिपी छापली, व्हिजिबल स्पीच, दिसणारं बोलणं. त्यातलं प्रत्येक चिन्ह म्हणजे जीभ कुठे आहे आणि ओठ कसे आहेत याचं चित्र. ग्रॅहॅम बेलच्या आईला नीट ऐकू येत नव्हतं, पुढे बायकोलाही लहानपणच्या तापानंतर ऐकू येत नव्हतं, आणि तो १८७१ पासून बोस्टनमध्ये बहिऱ्या मुलांच्या शिक्षकांना वडिलांची ही लिपी शिकवत होता. १८७४ मध्ये त्याने एका मेलेल्या माणसाचा कान मिळवला, आतल्या हाडाला गवताची काडी लावली, कानात बोलला आणि ती काडी काजळी धरलेल्या काचेवर आवाजाची लाट काढत गेली. का, तर मुलांना आपला आवाज दिसावा. त्यानंतर दोनच वर्षांनी टेलिफोन. पुढे १९४० च्या दशकात त्याच्याच नावाच्या प्रयोगशाळेत ते काळं-पांढरं चित्र काढणारं यंत्र झालं, ज्याची नात आज अलिबागच्या लॅपटॉपमध्ये बसून आमचा म्हावरा दाखवते. मला ती गवताची काडी फार आवडली. कितीतरी रात्री डोळ्यासमोर येत राहिली.

पण पुढे वाचलं आणि मन कडू झालं. १८८० मध्ये इटलीत मिलानला बहिऱ्यांना शिकवणाऱ्यांची मोठी परिषद भरली, मतं देणारे जवळपास सगळे ऐकू येणारे, आणि त्यांनी ठरवलं की मुलांना बोलायलाच शिकवायचं, खाणाखुणांची भाषा नको. कितीतरी देशांतल्या शाळांतून पोरांचे हात बंद झाले. आणि बेल स्वतः बोलण्याच्याच बाजूचा, आयुष्यभर. मॅडमच्या बाहेरच्या बाकावर आमच्या आधीच्या वेळेची एक सात-आठ वर्षांची मुलगी असायची, ऐकू यावं म्हणून बसवलेल्या इम्प्लांटचं यंत्र कानामागे, गोल चकती केसांत. पडद्यावर तिच्या आवाजाच्या उंचीची निळी रेघ यायची आणि ती रेघ डोंगरासारखी चढवायची असायची. चढली की ती दोन्ही हात वर करून नाचायची. आणि बाहेर बाकावर आईशी बोलताना मात्र तिचे हात चालायचे, भराभर, सुंदर, जाळं विणणाऱ्या बाईचे चालतात तसे, आणि आई हसून हातानेच उत्तर द्यायची. मी बघत बसायचे. त्या पोरीकडे दोन्ही होतं, रेघही आणि हातही. त्या मिलानच्या माणसांनी तिच्याकडून काय काढून घेतलं असतं ते मला त्या बाकावर बसून कळलं, आणि ते कळायला मला माझी पाचवीची भुवई उपयोगी पडली.

जुलै अखेरपर्यंत पडद्यासमोर दहातले आठ म्हावरे यायला लागले. आम्ही खूश. आणि खाली उतरून एसटीत बसलो की, ‘आत्या, थिडती उधड.’ मला रडूच आलं एकदा. एवढ्या फेऱ्या, एवढी तिकिटं, वहिनीने बाजारात बसून कमावलेले फीचे पैसे, आणि पडद्यावरून नजर हटली की सगळं मागच्या पानावर. मॅडमना हे अपेक्षित होतं. म्हणाल्या, सुरुवातीला दर वेळी दाखवलं की पटकन जमतं, पण दर वेळीच दाखवत राहिलं तर ते त्याचं होत नाही, पडद्याचं राहतं. मग त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला. तो बोलायचा, आणि त्या विचारायच्या, म्हावरा आला का? आधी तू सांग. तो डोळे बारीक करून, घशाशी बोट नेऊन विचार करायचा, जिभेची पाठ लागली की टोक लागलं, आतल्या आत चाचपायचा, मग म्हणायचा, ‘आला.’ मग पडदा फिरवायचा. कधी बरोबर, कधी चूक. मग दर तिसऱ्या वेळी फिरवायचा, मग पाचव्या, मग दिवसातून एकदाच, निघताना. पडदा हळूहळू मागे सरकत गेला, आणि पोराचं तोंड, जे आधी आमच्याकडे असायचं आणि मग लॅपटॉपकडे असायचं, ते कुठेच नसायचं, कुठेतरी समोर भिंतीवर, आत ऐकत असल्यासारखं. वर्षभर मी त्या तोंडावर इतकी शांतता बघितली नव्हती.

शेवटच्या काही फेऱ्यांपैकी एकीत मी धीर करून विचारलं. म्हटलं, मॅडम, हा होळीला होली म्हणतो, खेळला खेल म्हणतो, ते पण घेणार का आपण? विचारताना माझा आवाज मला अनोळखी वाटला, मला होय ऐकायचं होतं की नाही तेच कळत नव्हतं. होय म्हणाल्या असत्या तर याला पुढे शाळेत कुणी हसलं नसतं. त्या म्हणाल्या, घरी कसं बोलता? म्हटलं, घरी होलीच. आजी? होली. बाबा? होली. मग तो बरोबर बोलतोय, त्या म्हणाल्या, त्याच्या कानात जे आहे तेच त्याच्या जिभेवर आलंय, त्यात मी हात घालणार नाही. शाळेत ळ कानावर पडेल, शिकेल, जसं तुम्ही शिकलात. वहीत काहीतरी लिहून त्या पुढच्या मुलाला बोलवायला उठल्या. मी पिशवी आवरत तिथेच बसून राहिले. जसं तुम्ही शिकलात. त्यांना माहीत नव्हतं मी कशी शिकले.

ऑगस्टमध्ये होड्या पाण्यात गेल्या, भाऊ गेला, मी आणि भाचा दोघंच अलिबागला जायला लागलो, मग आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून. या वर्षी नारळी पौर्णिमेला कुणी त्याला मधे उभं करायच्या आत वहिनीने कडेवर उचलून नेलं. भावाने कबूल केल्याप्रमाणे त्याला एकदा सकाळी खाडीच्या तोंडापर्यंत होडीवरून फिरवून आणलं, फिश फाइंडरसमोर बसवलं, परत आला तर अंगाला डिझेलचा वास आणि डोळे मोठे. सांगत होता, आत्या, तल दिसतो तल, जाड जाड. मग बराच वेळ एकटाच ओट्यावर बसून काहीतरी पुटपुटत होता, मी आतून ऐकलं, ‘एक-वीरा, एत-वीरा, एक-वीरा,’ दोन्ही एकामागून एक, चव बघावी तसं.

गणपती, नवरात्र झालं, आणि परवा आम्ही परत त्या बेकरीत गेलो. तोच डालड्याचा वास. काकांनी विचारलं, काय पायजे बाला? भाचा काउंटरला दोन्ही हातांनी धरून उभा होता. ‘ते’ म्हणाला आणि थांबला. मी लगेच मान फिरवली आणि बाजूच्या बरण्यांकडे बघायला लागले, नानकटाई, बटर, जिरा बिस्किट, एका बरणीचं झाकण तडकलेलं होतं, त्यावर चिकटपट्टी. मागे कुणाच्या तरी स्कूटरची किल्ली वाजत होती. फार वेळ गेला असं वाटलं. मग त्याचा आवाज आला, घशाच्या अगदी मागून आणि जरा जास्तच जोरात, ‘केत’. काका म्हणाले, मावा केक? किती, दोन? आणि कागदाचा चुरचुर आवाज झाला.

बाहेर पडलो, ऊन होतं, स्टँडवर अलिबागची गाडी लागलेली. तो चालता चालता कागद सोलून खात होता, तोंड भरलेलं. थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, आत्या, म्हावरा आला का? मी म्हटलं, तू सांग. तो थांबला. घास गिळला, घशाशी बोट नेलं, समोर वाडीच्या गडग्याकडे बघत राहिला, मग म्हणाला,

‘एक आला. एक पलाला.’